पाना-पक्कड : पीएच साडेतीन



'पाना-पक्कड' हे सदर सुरू केलं तेव्हा संपादकांशी बोलणं झालं होतं की घरात बिघडणाऱ्या वस्तूंवर लिहायचं. त्याप्रमाणे आजवर पाण्याचा हीटर झाला, थंडीत न सुरू होणारी गाडी झाली, तळघरातलं पाणी झालं. गेल्या अंकातला संप-पंपावरचा लेख वाचून एका वाचकांनी फोन केला, तेव्हा ते स्वतः घोटाभर पाण्यात उभे होते. असो. यावेळी चेहऱ्याला लावायच्या ऍसिडवर लिहितो म्हटल्यावर संपादक जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे वहिनी लिहिणार आहेत का?" नाही हो, मीच लिहितोय. सौ.ने वाचून दोन चुका काढल्या, त्या सुधारल्या आहेत. थोरलीला वाचून दाखवलं, तिने 'ओके' म्हटलंय. तिच्या 'ओके'शिवाय हा लेख तुमच्यापर्यंत आलाच नसता, कारण गोष्ट तिच्या गालाची आहे.

पण आधी बॉयलरची गोष्ट सांगायला हवी. एम.एस. संपवून २००५ साली मी इथे ओहायोत पहिली नोकरी धरली, ती वीजकेंद्रांचे बॉयलर साफ करून देणाऱ्या एका कंपनीत. बॉयलरच्या नळ्यांना आतून लोखंडाच्या ऑक्साइडचा थर धरतो. तो खरवडून निघत नाही, आम्लात विरघळवून काढावा लागतो. मोठ्या दाबाच्या बॉयलरना आम्ही हायड्रॉक्सीऍसेटिक आणि फॉर्मिक या दोन आम्लांचं मिश्रण द्यायचो. किती तीव्र? दोन्ही मिळून पाण्यात जेमतेम तीन टक्के. तेवढ्यासाठी केवढा बंदोबस्त असायचा! नळीचं धड लोखंड खाल्लं जाऊ नये म्हणून त्यात आधी इन्हिबिटर घालायचं, अंगावर रबरी झगे आणि हातमोजे चढवायचे, आणि दर थोड्या वेळाने नमुना काढून त्यात लोखंड किती उतरलंय ते मोजायचं. आकडा चढायचा थांबला की थर संपला, आता आम्ल बाहेर काढा. त्यापुढे ठेवलंत तर ते नळीच खायला लागणार. आमचा म्हातारा फोरमन म्हणायचा, ऍसिड आत घालणं कुणालाही जमतं, बाहेर कधी काढायचं ते कळण्याचा पगार असतो.

हायड्रॉक्सीऍसेटिक ऍसिडचं दुसरं नाव ग्लायकोलिक ऍसिड. हे नाव मला वीस वर्षं ड्रमवर वाचून माहीत होतं. ते थोरलीच्या बाथरूममध्ये, ड्रॉपरच्या चिमुकल्या बाटलीवर वाचलं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यावर लिहिलं होतं '२५ टक्के'. आता आमचं बॉयलरमधलं आम्ल नव्वद अंशांच्या वर तापवलेलं असायचं, त्यामुळे ही तुलना तशी न्याय्य नाही. पण बापाला बसायचा तो धक्का बसला.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार होता. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेली, ती आणि मी खाली शेंगा सोलत बसलो होतो. वरून हाक आली, "बाबा, जळतंय!" धावत गेलो. पोरगी आरशासमोर उभी, दोन्ही गाल लालभडक, आणि उजव्या गालावर रुपयाएवढा पांढुरका चट्टा. बेसिनपाशी ती बाटली. लावून पाच मिनिटांत धुवा असं बाटलीवर छापलेलं होतं. हिचा मैत्रिणीशी फोन चालू होता, वीस मिनिटं गेली.

आणि मग, मंडळी, या सदराच्या लेखकाने काय करावं? आम्ल म्हटलं की न्यूट्रलाइज करायचं, हे वीस वर्षं हाडात मुरलेलं. फ्रिजमधला बेकिंग सोड्याचा डबा आणला, चमच्याने पाण्यात कालवला आणि ते लगद्यासारखं तिच्या गालावर थापलं. बारीक फेस आला. मला वाटलं, वा, रिअ‍ॅक्शन होतेय! तिने जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. मागून जिना चढून आलेली आई ओरडली, "अरे पाणी ओत आधी, पाणी! हे काय लावत बसलायस पोरीला?" सातवी पास बाई. तिचंच बरोबर होतं.

इथे त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मिळायला कसे महिने लागतात ते तुम्हाला सांगायला नको. ओळखीने मंगळवारी मिळाली. डॉक्टरीणबाई मूळच्या नायजेरियाच्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गाल भिंगातून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, सोड्याची कल्पना कुणाची? मी शाळेतल्यासारखा हात वर केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर का?"

त्यांनी समजावलं ते असं. डॉक्टर स्वतः तीव्र ग्लायकोलिकचं पील करतात तेव्हा ते थांबवायला सौम्य अल्कली वापरतातही, पण ती मापून, द्रावणाच्या रूपात, ठरल्या क्षणी. घरी, भाजलेल्या कातडीवर सोड्याचा खरखरीत लगदा चोळणं म्हणजे जखमेवर पॉलिशपेपर. शिवाय कातडी स्वतःच आंबट असते. तिच्या पृष्ठभागाचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या घरात असतो, आणि सोडा तिला आठच्या पलीकडे नेतो. घरी काही झालं तर करायचं ते एकच, भरपूर साधं, कोमट किंवा गार पाणी, दहा-पंधरा मिनिटं. डोळ्यात गेलं असेल किंवा फोड आले असतील तर सरळ डॉक्टर.

आता जरा रसायनशास्त्र. कंटाळू नका, बाजारात बाटली हातात घ्याल तेव्हा उपयोगी पडेल.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, साध्या कागदाच्या पाचव्या हिश्शाइतका. त्यात मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर. पेशी म्हणजे विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना, असं चित्र डॉक्टर काढतात. मी त्यात एक भर घालीन, विटा एकमेकींना बारीक रिव्हेटनी ठोकलेल्या असतात. खालून नवी पेशी निघते, महिना-दीड महिन्यात वर येते, आणि वर आली की रिव्हेट आपोआप सुटून पेशी गळून पडते. आपल्याला दिसतही नाही. ही गळती मंदावली की चेहरा निस्तेज, खरखरीत दिसतो, छिद्रं तुंबतात. ही आम्लं त्या रिव्हेट सैल करतात, एवढंच त्यांचं काम. ती 'आतून उजळवत' वगैरे काही नाहीत. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर हे डीस्केलिंग आहे, फक्त थर आणि नळी एकाच मालाची.

यात मुख्य दोन जाती. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅन्डेलिक ही पाण्यात विरघळणारी, यांना अल्फा हायड्रॉक्सी म्हणतात. सॅलिसिलिक हे तेलात विरघळणारं, त्यामुळे ते छिद्रातल्या तेलकट बुचात शिरतं आणि मुरुमांना उपयोगी पडतं. इथे मुरुमांसाठी चिठ्ठीशिवाय मिळतं ते अर्धा ते दोन टक्के. मूळ विलोच्या सालीशी नातं सांगणारं हे आम्ल ऍस्पिरिनचं भावंड आहे, म्हणून ज्यांना ऍस्पिरिन सोसत नाही त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिल्या जातीतलं ग्लायकोलिक सगळ्यात छोटं, म्हणून सगळ्यात भरभर आत जाणारं. लॅक्टिक त्याहून थोडं मोठं. स्वीडनच्या शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. मॅन्डेलिक तर ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचं, सावकाश मुरणारं. त्याचं नाव बदामाच्या जर्मन नावावरून आलंय. कातडी नाजूक असेल तर मोठा रेणू बरा, असा ढोबळ हिशोब.

पण खरी गोम टक्क्यात नाही. ती आहे पीएचमध्ये, आणि ती बहुतेक बाटल्यांवर छापलेलीच नसते! आम्लाचा रेणू पाण्यात दोन अवस्थांत असतो. एक, आपला हायड्रोजन धरून बसलेला, त्याला मोकळं आम्ल म्हणू. दुसरा, हायड्रोजन सोडून विद्युतभारित झालेला. भारित रेणूला तो स्निग्ध चुना ओलांडता येत नाही, तो दाराबाहेर ताटकळतो. आत शिरून काम करतं ते मोकळं आम्ल. आणि मोकळं किती, ते पीएचवर ठरतं. ग्लायकोलिकचा मध्यबिंदू ३.८३. पीएच नेमका तेवढा असेल तर निम्मं मोकळं, निम्मं भारित. पीएच त्याच्या एकाने खाली आणा, ९१ टक्के मोकळं. एकाने वर न्या, ९ टक्के. आता दुकानात उभे राहून हिशोब करा. दोन बाटल्या, दोन्हींवर '१० टक्के ग्लायकोलिक'. एकीचा पीएच ३.५, दुसरीचा ४.५. पहिलीत मोकळं आम्ल ६.८ टक्के, दुसरीत १.८. लेबल एक, किंमत एक, आणि ताकदीत जवळजवळ चौपट फरक!

म्हणूनच इथल्या कॉस्मेटिक इन्ग्रीडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञांच्या मंडळाने १९९८ साली मर्यादा घालून दिली ती दोन आकड्यांची. घरी वापरायच्या वस्तूत अल्फा हायड्रॉक्सी आम्ल १० टक्क्यांपर्यंत, आणि पीएच साडेतीनच्या खाली नको, शिवाय उन्हापासून बचावाची सोय हवी. सलूनमध्ये शिकलेल्या माणसाच्या हातून ३० टक्के चालेल, पीएच ३ च्या खाली नको, थोडाच वेळ ठेवून स्वच्छ धुवायचं. हे मंडळ उद्योगांच्याच पैशावर चालतं, तेव्हा ही फार कडक मंडळी आहेत असंही नाही.

तुम्ही म्हणाल, एफडीए काय करते? अमेरिकेत सौंदर्यप्रसाधन विक्रीला येण्याआधी एफडीए त्याला मंजुरी देत नाही, त्यातल्या रंगांचा तेवढा अपवाद. २००५ साली तिने या आम्लांच्या बाटलीवर उन्हाची सूचना छापा असं सुचवलं, तीही शिफारस. २०२२ च्या कायद्याने गंभीर अपायाची खबर देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं आणि माल परत मागवण्याचा अधिकार एफडीएला मिळाला. आणि ३० जुलै २०२४ ला एफडीएने जाहीर इशाराच दिला की तीव्र आम्लांचे पील विकत आणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लावू नका, भाजण्याचा, डाग राहण्याचा धोका आहे. आमच्या घरातला प्रकार त्यानंतर चार महिन्यांनी. मी रोज इमेलवर उद्योगधंद्याची पंचवीस परिपत्रकं वाचतो, हे एक वाचलं नव्हतं.

मुळात ही औषधं होती हो! फिलाडेल्फियाच्या व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं की इक्थियोसिस नावाच्या रोगात, जिथे अंगावर माशाच्या खवल्यांसारखे थर धरतात, तिथे ही आम्लं लावली की खवले सुटतात. ज्या माणसाचं कातडं खवल्यांनी भरलंय त्याच्यासाठी शोधलेली गोष्ट, नव्वदच्या दशकात 'फ्रूट ऍसिड' म्हणून काउंटरवर आली, आणि आता सोळा वर्षांच्या धडधाकट गालावर.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, "मग आमचं उटणं काय वाईट होतं?" वाईट नव्हतंच. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, आणि त्याआधी अंगभर तेल, हे महत्त्वाचं. वर्षातून एकदा, पहाटे, थंडीच्या तोंडावर. डाळीचं पीठ आणि दही लावायचो तेही बेताचंच. दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास, त्यात लॅक्टिक आम्ल एखादा टक्का, म्हणजे मोकळं फार तर ०.२ टक्के. त्याने कुणाचं भलं-बुरं फारसं होत नाही. आणि वजरी होती, पण वजरी टाचेला लावायची, गालाला नाही, एवढी अक्कल घराघरात होती. लिंबाचं मात्र आईशी माझं भांडण झालं. कोपर-मान उजळायला लिंबाची फोड घासायची सवय आपल्याकडे आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच, शिवाय त्यात असे पदार्थ असतात की रस अंगावर असताना ऊन लागलं तर भाजतं, फोड येतात आणि मग काळे ओघळ महिनोन्महिने राहतात. लिंबू पोह्यांवर पिळावं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिथे येतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भाजलेलं आठ-दहा दिवसांत भरून येईल. पण त्या जागी डाग पडेल, आणि तो जायला कित्येक महिने लागतील. गोऱ्या मुलीला हेच झालं असतं तर लाल होऊन ओसरलं असतं. आपल्या कातडीचं उत्तर वेगळं. रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या जगातल्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो त्या किती रंग बनवतात आणि कसा वाटतात यात. आपल्या पेशी कामसू. कातडीला इजा झाली, मग ती आम्लाची असो, मुरुमाची, डासाची, की लग्नाआधी केलेल्या थ्रेडिंगची, त्या घाबरून जास्तीचा रंग टाकतात. म्हणजे जो काळेपणा घालवायला आम्ल लावायचं, तोच काळेपणा आम्ल जास्त झालं की दामदुपटीने परत येतो.

आणि बाटलीवरच्या सूचना कुणाची कातडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्यात ते पाहा. डॉक्टर त्वचेचे जे सहा प्रकार मोजतात ती मोजपट्टी हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केली. तेव्हा ती गोऱ्यांपुरती होती, सावळ्या आणि काळ्या कातडीसाठी पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात. आपल्याकडच्या 'गहूवर्णी', 'निमगोरा' या जाहिरातींच्या मोजपट्टीइतकी ती बारीक नाही, पण निदान औषधासाठी आहे.

डॉक्टरीणबाईंनी मग थोरलीला विचारलं, तुला हे लावायचं होतं कशासाठी? मुरुमांसाठी ती आधीपासून अ‍ॅडापलीन लावत होती. २०१६ पासून ते इथे चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि तिचं बरं चाललं होतं. त्यात सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश. कातडी आधीच पातळ झालेली, त्यावर हे तिसरं. का? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "टॅन घालवायला."

कसला टॅन ते मला गाडीत बसल्यावर आठवलं. ती शाळेच्या टेनिस टीममध्ये आहे, अख्खा ऑगस्ट कोर्टवर असते. २०२४ च्या आपल्या मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या हॉलमध्ये आरतीनंतर फोटो काढताना मी म्हणालो होतो, "काय काळवंडलीयस गं! फोटोत दिसशील का?" चार जण हसले. एक मावशी म्हणाल्या, "हळद-साय लाव गं, अजून वेळ आहे." थोरलीही हसली होती. मी मिरजेच्या घरात हेच वाक्य माझ्या बहिणीला उद्देशून शंभर वेळा ऐकलंय, ते तोंडात तयारच होतं. २०२० साली त्या प्रसिद्ध क्रीमने नावातून 'फेअर' काढलं तेव्हा याच मंडळींत मी भाषण ठोकलं होतं, बरं का, की कशी उशिरा का होईना सुधारणा झाली!

गाडीत मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स फाइन." आमच्या घरी मुलं इंग्रजीत 'फाइन' म्हणाली की ते फाइन नसतं.

तर, आम्लं वाईट आहेत का? नाहीत. सौ. गेली तीन वर्षं लॅक्टिक लावते, पाच टक्के, आठवड्यातून दोन रात्री, आणि तिला मानवलंय. मला विचाराल तर सुरुवात अशीच करावी. एक आम्ल, एकच. तेही कमी टक्क्यांचं, आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघावं. ज्या रात्री अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, त्या रात्री आम्ल नाही. चुरचुरणं मिनिटभर ठीक, जळजळ झाली की धुवायचं, सहन करायचं नाही. 'जळतंय म्हणजे काम करतंय' हा समज कुणी पसरवला कोण जाणे. आमच्या बॉयलरला निदान लोखंड मोजायची सोय होती, कातडीला तशी सोय नाही. जळजळ हा एकच नमुना, आणि तोही उशिरा येतो.

ओहायोच्या हिवाळ्यात तर आणखी सांभाळा. घरात हीटर चोवीस तास, हवा कोरडी ठणठणीत, तो स्निग्ध चुना आधीच तडकलेला असतो. ऑगस्टमध्ये सोसलेली बाटली जानेवारीत सोसेलच असं नाही. तेव्हा दोन रात्रींची एक करा, किंवा बंदच ठेवा आणि साधं व्हॅसलीन लावा. पील करायचंच असेल तर डॉक्टरांकडून, आणि आपल्या वर्णाची माणसं रोज पाहणाऱ्या डॉक्टरांकडून. हे विचारायला लाजू नका. आणि भारतात लग्नाला जाण्याच्या आदल्या आठवड्यात नवीन काहीही लावू नका. सुट्टीत तिकडे पार्लरमध्ये स्वस्तात करून घेऊ, हा बेत मी दोन घरांत ऐकलाय, म्हणून लिहितोय. पील करून लगेच मिरजेच्या उन्हात!

ऊन ही अर्धी गोष्ट आहे. दहा टक्के ग्लायकोलिक, पीएच साडेतीन, चार आठवडे लावल्यावर कातडीची उन्हाविषयीची नाजूकता १८ टक्क्यांनी वाढली, असं एफडीएच्या अभ्यासात दिसलं. बंद केल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. म्हणजे आम्ल लावणाऱ्याने सनस्क्रीन लावलंच पाहिजे, आणि आम्ल सोडल्यावरही आठवडाभर. 'आपल्याला कशाला सनस्क्रीन, आपण काळेच' हे मीही म्हणायचो. पण डाग गडद करायला नुसतं अतिनील ऊनच लागतं असं नाही, आपल्या कातडीत साधा दिसणारा प्रकाशही ते करतो. तो अडवायला रंगीत सनस्क्रीन लागतं, आणि त्यातला रंग कशाचा? लोखंडाच्या ऑक्साइडचा! ज्या गंजाचा थर काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तोच आता दर महिन्याला वीस डॉलरला विकत आणून घरात ठेवतो.

थोरलीला डॉक्टरीणबाईंनी भरून येईपर्यंत व्हॅसलीन आणि सनस्क्रीन, बाकी सगळं बंद, असं सांगितलं. मग जानेवारीत अझेलाइक आम्ल दिलं. हे गव्हा-जवातही असतं, मुरुम आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि कातडी सोलत नाही. सावकाश काम करतं. सोळाव्या वर्षी 'सावकाश' हा शब्द ऐकवत नाही.

डिसेंबरात एक दिवस मी ती बाटली ऑफिसात नेली. लॅबमधलं पीएच मीटर चार आणि सातच्या बफरवर नीट लावून घेतलं आणि चार थेंबांत पाणी न मिसळता मोजलं. २.८. सलूनसाठी घातलेल्या मर्यादेच्याही खाली. घरी आल्यावर थोरलीला कागद दिला आणि म्हटलं, मध्यबिंदू ३.८३, पीएच २.८, मोकळं किती? तिची नुकतीच केमिस्ट्री सुरू झाली होती. टेनिसच्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला तिने गणित केलं. २५ मधले २३. "आणि जे घरी चालतं ते?" ६.८. तिपटीहून जास्त. मग तिने विचारलं, "हे बाटलीवर का नाही लिहीत?" मी म्हटलं, कायदा मागत नाही. ती म्हणाली, "तू मागशील का?" उत्पादकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. एफडीएच्या मेडवॉचवर तक्रार नोंदवली, ती कुणालाही नोंदवता येते, वीस मिनिटं लागतात. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर जरूर नोंदवा.

२०२५ चा ऑगस्ट तिने पुन्हा कोर्टवरच काढला, डोक्यावर टोपी, गालावर गंज. तिरप्या उजेडात डागाची कड अजून दिसते. गणपतीत त्याच मावशींनी विचारलं, "काय गं, गालाला काय झालं?" मी मधे बोलायला तोंड उघडलं, तर आईने लांबूनच डोळे मोठे केले. थोरली म्हणाली, "भाजलं होतं, मावशी. आता बरं आहे." आणि प्रसादाच्या रांगेत गेली.

बाटली अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे. सिंकमध्ये ओतायची माझी तयारी नाही आणि कचऱ्यात टाकायची थोरलीची नाही. काउंटीचा घातक कचरा गोळा करायचा दिवस वसंतात असतो. तोवर ती वरच्या फळीवर, ड्रेन क्लीनरच्या शेजारी.